पेशकाराचं पोट आणि आत्याचा नवस

“डॉक्टरसाहेब, टाके घातलेला बोकड देवाला चालतो का?”

हा प्रश्न मी भर वर्गात, उभी राहून, हाताची घडी घालून विचारला. शाळेत पशुसंवर्धन सप्ताह चालू होता. गुरांच्या दवाखान्यातले नवे डॉक्टर आम्हा नववीच्या मुलींना लाळ्या-खुरकत समजावून घाम पुसत होते आणि “कुणाला काही शंका?” असं म्हणून, कुणालाच नसणार या भरवशावर, टोपी डोक्यावर ठेवत होते. माझ्या बाकावरच्या कडू या मैत्रिणीनं मधल्या सुट्टीत पैज लावली होती. “म्हाळसे, घरात तू लय वाघीण हायेस. वर्गात तुजं मांजर व्हतंय. इचारून दाखीव, आठ दिवस तुजं दप्तर मी वाहते.”

मी विचारलं. वर्ग फुटला. डॉक्टर म्हणाले, “देवाचं खातं माझ्याकडं नाही. मी फक्त टाके घालतो.” आणि बाईंनी मला दाराबाहेर उभं केलं.

दाराबाहेर उभं राहण्याचा एक फायदा असतो, तो हुशार मुलींना जन्मभर कळत नाही. येणारा-जाणारा आपल्यापुढूनच जातो. सायकल काढायला आलेले डॉक्टर माझ्यापाशी थबकले.

“काय झालंय बोकडाला?”

“बेंबीपाशी गाठ आहे. लिंबाएवढी होती, आता बेलफळाएवढी झाली.”

“दाबली की आत जाते?”

“कधी जाते, कधी नाही जात.”

ते गंभीर झाले. “आतडं उतरलंय. एक दिवस अडकेल आणि मग माझाही उपयोग नाही. लवकर आण. कापून शिवावं लागेल.”

आता या बोकडाची ओळख करून द्यायला हवी. आमचे नाना निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे, होते. शिक्षण उर्दूत, कारभार उर्दूत, सही उर्दूत, आणि आईवर चिडायचं असलं तर तेही उर्दूत. दोनेक वर्षांमागं हैद्राबादचं राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि नाना एका रात्रीत निरक्षर झाले. उर्दूवाल्यांना घरी बसवणार अशी आवई उठली. तेव्हा पालमजवळच्या आमच्या गावी माझी आत्या कासाबाई हिनं शिवेवरच्या म्हसोबाला नवस केला, की माझ्या भावाची नोकरी राहू दे, आखाडात तुला बोकड देईन. नोकरी राहिली. पेशकार हे पद मात्र गेलं. नाना नुसते कारकून झाले. त्याच आठवड्यात आत्यानं नवसाचं करडू आमच्याकडं वाढवायला आणून सोडलं. घरात एक पद रिकामंच होतं, म्हणून मी त्याचं नाव पेशकार ठेवलं.

नानांना ते आवडलं नाही. पण नाव लोकांच्या तोंडात बसलं. “पेशकार कुठं हायेत?” असं कुणी दारातून विचारलं, की नाना आणि बोकड दोघंही मान वर करायचे, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा बोकडच हवा असायचा.

दीड वर्षात पेशकार असा झाला, की त्याच्यापुढं तहसीलदारसुद्धा पोरगा दिसावा. तो माझ्यामागं नळावर यायचा, माझ्या भूगोलाच्या वहीचा वास घ्यायचा आणि फक्त वास घेऊन सोडून द्यायचा, इतका सुसंस्कृत. आखाड तोंडावर आला तशी माझी झोप उडाली होती. त्यात ही गाठ. पण त्या गाठीतच मला उजेड दिसला. आमच्याकडं देवाला द्यायचं जनावर बिनखोटीचं लागतं. शिंग मोडकं नको, कान फाटका नको, अंगावर व्रण नको. मग ज्याचं पोट कापून शिवलंय त्याला कोणता देव हात लावील? ऑपरेशन झालं की पेशकार गाठीतूनही सुटेल आणि सुरीतूनही. एका दगडात दोन देव. म्हणजे देव नव्हे, पण तुम्हाला समजलं.

गाठीची बातमी गावी गेली आणि आत्या पहिल्या मोटारीनं दाखल झाली.

“कापल्यालं बोकड देवाला? अंगदा, आपुन पावण्याला उष्टं ताट वाढताव का?”

“अक्का, न्हाई कापलं तर ते आखाडाआधीच मरंल. मग काय वाढशील?” नाना म्हणाले.

“तुमचं तुमी बगा,” म्हणून आत्यानं पदर डोक्यावर ओढला. तिनं माघार घेणं ही आमच्या घराण्यात नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. मी तोंडावर काळजी आणि पोटात लाडू घेऊन चुलीपाशी बसले होते.

दुपारपर्यंत गल्ली गोळा झाली. आमच्याकडं रोग एकाला झाला तरी वैद्य चाळीस असतात. शेजारच्या गोजरबाईनं गाठीवर चुना आणि गूळ थापायला सांगितलं. पलीकडचे आश्रुबा जमादार, हे पूर्वी घोड्यावरच्या पोलिसात होते, ते म्हणाले, “बोकड उलटा टांगा, आतडं आपोआप वर जाईल.” त्यांना म्हटलं, टांगून दाखवा. त्यांनी पेशकाराच्या मागच्या पायाला हात घातला आणि पुढच्या क्षणी जमादारच आडवे झाले. नोकरीत घोड्यानं कधी पाडलं नव्हतं, ते निवृत्तीनंतर बोकडानं पाडलं. ते धोतर झाडत म्हणाले, “जनावर तंदुरुस्त हाय. कापायची गरज न्हाई.” आणि महिनाभर आमच्या ओट्याकडं फिरकले नाहीत.

शेवटी दवाखाना ठरला. पण सरकारी दवाखान्यात बोकडाच्या आधी कागद दाखल होतो. छापील अर्ज जुन्याच अमलातले, उर्दू. डॉक्टर पुण्याकडून शिकून आलेले, त्यांना त्यातला अलिफसुद्धा येत नव्हता. नानांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. त्यांनी चष्मा पुसला, टाक मागवला आणि झोकात लिहायला बसले. मालकाचं नाव, वल्दियत म्हणजे बापाचं नाव, मुक्काम, सगळं झरझर. मग हात थांबला.

“जानवर का काम,” त्यांनी वाचलं. “नांगर, गाडी, सवारी, दूध. यातलं एक लिहायचं.”

“देवाचं काम म्हनून लिव,” आत्या म्हणाली.

नानांनी प्रामाणिकपणे ‘मजहबी’ असं लिहिलं आणि डॉक्टरांना अर्थ सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली. “धार्मिक कामासाठी सरकारी सुई-दोरा कसा वापरणार? वरून विचारणा होईल. शेतीचं किंवा दुधाचं जनावर असेल तर सांगा.”

नाना अर्धा तास लिंबाखाली बसून राहिले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा शब्द लिहिला नव्हता. मग ते उठले, आमच्या कुणाच्या तोंडाकडं न बघता नवा अर्ज घेतला आणि एक शब्द लिहून डॉक्टरांपुढं सरकवला. डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. कागद कंपाउंडर राधाकिशनकडं गेला. त्याला उर्दू येत होती. त्यानं अर्ज बघितला, खाली वाकून पेशकाराकडं नीट बघितलं, पुन्हा अर्ज बघितला.

“वाह, पेशकारसाहेब,” तो नानांना म्हणाला, “किती शेर देतो वो दिवसाला?”

नाना कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून राधाकिशन बाजारात दिसला की नाना रस्ता बदलतात.

ऑपरेशनच्या आधी चोवीस तास पोटात काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सांगायला सोपं आहे. बोकड म्हणजे चार पायांवर ठेवलेलं तोंड. आम्ही त्याला अंगणात बांधलं, तर त्यानं दावं खाल्लं. आत आणलं, तर चटईची कड गेली. मग नानांनी बैलाला मळणीत घालतात तसलं सुतळीचं मुस्कं आणलं आणि माझी शाळा बुडवून मला राखणीला बसवलं. मी पाणी प्यायला उठले आणि आले तर गोजरबाई मुस्क्यातून बोटं घालून भाकरीचा तुकडा सारत होती.

“काकू! उपास आहे त्याचा!”

“आगं, उपास असला म्हनून काय झालं? येकादशीला मानूस भगर खातंय. हे तर मुकं जनावर. तुमी कारकून लोकं लय कठोर काळजाचे बाई!”

तुकडा काढायला मी हात घातला, तर पेशकारानं तुकड्याबरोबर माझी करंगळीही तपासून बघितली. तारीख एक दिवस पुढं गेली. दुसऱ्या खेपेला मी त्याच्यासोबत स्वतः उपास धरला, म्हणजे गल्लीला लाज वाटेल. गल्लीला वाटली नाही. आईनं मात्र “येक पोरगी, येक बोकड, दोन्ही सारखेच” असं म्हणून मला एकटीलाच शेंगदाण्याचे लाडू दिले, आणि मी ते पेशकाराकडं पाठ करून खाल्ले. मला त्याची अजून लाज वाटते. थोडी.

ऑपरेशन दवाखान्याच्या ओसरीत झालं. पेशकाराला उताणा घातला, पोटावरचे केस भादरले, सुई दिली. मी शिंगं धरली. मागचे पाय नानांनी धरायचे होते. डॉक्टरांनी पहिली चीर दिली आणि नाना “मी जरा चष्मा पुसून येतो” असं म्हणाले आणि जागच्या जागीच खाली बसले, मग आडवे झाले. राधाकिशननं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि मागचे पाय आपण धरले. “बाई, तू लई धीराची,” तो मला म्हणाला. “दूधवाल्या घरची पोरगी वेगळीच असती.” डॉक्टरांनी आतडं आत सारलं, भोक शिवलं, वरून नऊ टाके घातले. मी एकेक मोजला. एकेक टाका पेशकाराच्या आयुष्याची एकेक पावती वाटत होता.

आता जखम जपायची होती. पोटाला पट्टा बांधा, बसताना माती लागू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात लाल दवा टाकून धुवा. पट्ट्याला जाड कापड हवं होतं. आईनं ट्रंक उघडली आणि नानांची शेरवानी काढली. काळी, गळाबंद, सात गुंड्यांची. नव्या कचेरीत ती घालून गेलं की लोक हसायचे म्हणून नानांनी वर्षभरात अंगाला लावली नव्हती, पण टाकूही दिली नव्हती. आईनं बाह्या उतरवल्या, खाली नाड्या लावल्या आणि गुंड्या पाठीवर येतील अशी ती पेशकाराला चढवली.

खरं सांगते, अंगाला बसली. नानांपेक्षा चांगली. पेशकार दाढी हलवत अंगणातून फिरायला लागला की जुन्या जमान्यातला कोणी जहागीरदार जमीन-महसुलाची पाहणी करतोय असं वाटायचं. नाना संध्याकाळी घरी आले. दारात थांबले. मला वाटलं, आता भडकतील. ते फक्त म्हणाले, “वरची गुंडी लाव. उघडी ठेवायची पद्धत नसते.” आणि आत गेले.

धुणं माझ्याकडं होतं. पहिले चार दिवस पाणी अंगावर पडलं की पेशकार डोक्यापासून शेपटापर्यंत असा अंग झाडायचा, की लाल पाण्याचा सडा पडायचा. माझं पांढरं पोलकं ठिपक्या-ठिपक्यांचं झालं. शाळेत धुरपदा म्हणाली, “तुला देवी आल्या का गं?” कडू पैजेचे राहिलेले दिवस माझं दप्तर वाहत होती, तीसुद्धा चार पावलं लांबून चालू लागली. पण आठवड्यानंतर पेशकाराला त्या कोमट पाण्याची गोडी लागली. बादलीची कडी वाजली की येऊन उभा राहायचा. डोळे मिटून, मान खाली घालून, न्हाऊन घ्यायचा. जखम सुकली तरी मी धुणं सोडलं नाही. माशांचे दिवस होते आणि यश माझ्या डोक्यात गेलं होतं. पोट, पाठ, मान, कानसुद्धा आतून पुसायचे.

टाके काढायच्या दिवशी आत्या म्हसोबाचा भगत येडबा याला घेऊन आली. पिकलेल्या मिशांचा, बारीक डोळ्यांचा म्हातारा. मी मोठ्या ऐटीत शेरवानीच्या नाड्या सोडल्या आणि व्रण दाखवला. म्हटलं, बघा काय खोट आहे ती!

येडबा वाकला. बोट फिरवलं. “ब्येस भरलंय. केस उगवायलेत की!”

“पण खोट आहे ना?” मी म्हणाले.

“पोरी, दिसंल ती खोट. आखाडापतोर केस आलं, की खोट सरली. देव काय पोटाखाली वाकून बघतोय व्हय?”

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. “कसं निगुतीनं जपलं गं माज्या लेकीनं! देवासाठी असं कोन करतंय आजकाल?”

मी त्याला जितकं जपत होते तितकी सुरी जवळ आणत होते. जखम चिघळू दिली तर तो मरणार, नीट भरू दिली तर कापला जाणार. आणि गल्लीत माझी कीर्ती काय, तर म्हाळसा म्हणजे केवढी भाविक मुलगी! गोजरबाई आपल्या सुनांना माझं उदाहरण देऊ लागली.

मी शेवटचा उपाय केला. गावी निघायच्या आदल्या दिवशी नानांच्या वस्तऱ्यानं व्रणावरचे उगवलेले केस साफ भादरले. नऊ टाक्यांची ओळ झेंड्याच्या काठीसारखी उघडी पडली. दुसऱ्या दिवशी गावी पोचलो. आत्यानं ती ओळ बघितली, ओंजळभर हळद घेतली आणि चोळली. झालं. माणसांच्या खोटीसुद्धा आमच्याकडं अशाच झाकतात, मग बोकडाची काय कथा.

म्हसोबापुढं दोनशे माणूस जमलं होतं. भक्ती मोठी होती. मसाला सकाळपासून वाटून तयार होता आणि बायांनी भाकऱ्यांची चवड रचली होती. पेशकाराच्या गळ्यात माळ, कपाळाला कुंकू. मी त्याचं दावं मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं.

आमच्याकडं असं असतं, की सुरीच्या आधी जनावराच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं, की देवानं घेतला. झाडत नाही तोवर हात लावायचा नाही. येडबानं तांब्यातून ओंजळ भरली, डोळे मिटून पुटपुटला आणि पेशकाराच्या पाठीवर सोडली.

पेशकारानं डोळे मिटले.

येडबानं दुसरी ओंजळ सोडली. पेशकारानं मान खाली घातली.

“घ्ये देवा, घ्ये,” आत्या पदर पसरून म्हणाली.

अख्खा तांब्या ओतला. पेशकार सुखानं रवंथ करायला लागला. आणि तेव्हा मी मनगटावरचे दाव्याचे वेढे सैल सोडले. मला कळलं. येडबाला कळलं नव्हतं, आत्याला नाही, दोनशे माणसांत कुणालाच नाही. मी ओठ घट्ट दाबून आभाळाकडं बघू लागले.

“कानात सोडा,” कुणीतरी म्हणालं. कानात पाणी गेलं की कुठलंही जनावर मुंडी झटकतं. येडबानं कानात धार धरली. पेशकारानं कान पुढं केला. मग बादली आली. येडबानं ती वरून भडाभडा ओतली, आणि पेशकारानं शांतपणे वळून दुसरी कूस त्याच्यापुढं केली. इकडची राहिली होती.

मग कारणं सुरू झाली. कुणी म्हणालं, अंगदराव हॉटेलात चहा पितात म्हणून. कुणी म्हणालं, राज्य बदललं, देवाला अजून मुंबईची सवय नाही. नाना हळूच माझ्याकडं सरकले आणि पुटपुटले, “त्या अर्जावर मी ‘दूध’ लिहिलं, त्याचं तर नसेल?” पहिल्यांदाच मला त्यांची दया आली.

दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. येडबानं तांब्या खाली ठेवला. “न्हाई घेत देव. ह्ये जनावर त्याला नगं.”

दोनशे माणसांनी वाटलेल्या मसाल्यात वांगी शिजवली आणि एकमेकांकडं न बघता खाल्ली. एवढी उदास भक्ती मी आजवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेशकाराला घेऊन आम्ही परत आलो. आई दारात पाय धुऊन म्हणाली, “अक्का म्हनत होत्या, नवस काय सुटला न्हाई. पुढच्या बाजारी दुसरं करडू आनायचं. वर्षभर पोसायचं आन् पुढच्या आखाडात न्यायचं.”

“आणावंच लागेल,” नाना म्हणाले. ते पेशकाराच्या मानेला खाजवत होते, आपण खाजवतोय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “म्हाळसा, खरं सांग. काय केलंस तू त्याला?”

“डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच,” मी म्हणाले आणि बादली उचलली. “नाना, आई, आणा तुम्ही दुसरं करडू. खुशाल आणा. पण ते दारात येईल त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्याला आंघोळ मीच घालणार. कोमट पाण्यानं, कानासकट. माझं ठरलंय.”